नटलेला चेहरा, साधा चेहरा आणि मधले अंतर

स्त्रीचे समारंभासाठी नटलेले, झगमगते रूप अधिक आवडते की रोजचे साधे रूप, आणि स्वतःला साधेपणा आवडतो हे पत्नीला सांगावे की नाही, असे आपण विचारले आहे. मी व्यक्तिचित्रे टिपणारी छायाचित्रकार असल्याने दोन्ही प्रकारचे चेहरे सतत जवळून पाहते. माझी आवड साध्या रूपाकडे झुकते. मात्र साधे तेच खरे आणि नटलेले ते खोटे, असे मी मुळीच मानत नाही.

पूर्ण मेकअप मुळात अंतरासाठी आणि दिव्यांसाठी घडला. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही भाव कळावेत म्हणून रंगमंचावर डोळे आणि ओठ ठळक केले जात. सुरुवातीच्या मूकपटांसाठी वापरली जाणारी फिल्म लाल रंग जवळजवळ टिपतच नसे, त्यामुळे लाल ओठ पडद्यावर काळपट दिसत आणि त्वचेवरचा किंचित लालसर डागही गडद होऊन उठे. चेहऱ्याला एकसारखा थर देणे ही तेव्हा तंत्राची गरज होती. पुढे 1930च्या दशकात टेक्निकलर तंत्राच्या रंगीत चित्रपटांसाठी मॅक्स फॅक्टर या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने तयार केलेला पॅन-केक हा चेहऱ्यावरचा मेकअप सर्वसामान्य ग्राहकांनाही मिळू लागला आणि स्टुडिओतला चेहरा घरच्या आरशात आला. म्हणून प्रखर दिव्यांच्या सभागृहात, दहा पावलांवरून पाहताना, नेटका बांधलेला अंबाडा, अंगावर अचूक बसणारा पोशाख आणि उंच टाचांमुळे उभे राहण्याला आलेला डौल मला मनापासून आवडतो. त्यामागे कसब असते, आणि कित्येक स्त्रियांना त्यात निखळ आनंद मिळतो. त्याला कोणी नुसता दिखावा म्हटले की मला वाईट वाटते.

हाताच्या अंतरावर मात्र मला दुसरेच काही हवे असते. बोलता बोलता गालांवर चढणारी आणि ओसरणारी लाली फाउंडेशनच्या थराखाली झाकली जाते, आणि चेहऱ्यातली तीच हालचाल मला सर्वांत प्रिय आहे. ठरलेली छायाचित्रे काढून झाली, टाचांचे बूट बाजूला गेले, केसांतल्या पिना निघाल्या आणि ती स्त्री खिडकीपाशी पाय दुमडून बसली, की अनेकदा त्या वेळी टिपलेले छायाचित्रच मला ठेवून घ्यावेसे वाटते.

‘नैसर्गिक’ या शब्दाबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण ज्या चेहऱ्याला आपण मेकअपविरहित समजून दाद देतो, त्यावर अनेकदा डाग झाकणारे कन्सीलर, हलकी छटा देणारे क्रीम, भुवया बसवणारे जेल आणि ओठांच्याच रंगाची लिपस्टिक असते. काहीच लावलेले नाही असे भासवायला कधीकधी ठळक मेकअपइतकाच वेळ जातो. तेव्हा साधेपणाची अपेक्षा हेदेखील स्त्रीवरचे एक नवे ओझे होऊ शकते. अभिनेत्री पामेला अँडरसन यांची ओळख वर्षानुवर्षे ठळक मेकअपशी जोडलेली होती, आणि 2023 साली त्या पॅरिस फॅशन वीकमध्ये मेकअप न करता आल्या. मला ते फार आवडले, पण आवडण्याचे कारण चेहरा कोरा होता हे नसून तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता हे आहे. याउलट व्हर्जिन अटलांटिक या विमान कंपनीने महिला केबिन कर्मचाऱ्यांवरची मेकअपची सक्ती 2019 साली उठवली. म्हणजे तोवर ती कामाची अट होती, हे मला आजही खटकते.

आता आपल्या पत्नीविषयी. आपली आवड त्यांना जरूर सांगा, पण त्या तयार होऊन बाहेर आल्या असताना नको. त्या वेळी त्यांनी वेळ देऊन जे साधले आहे ते नीट पाहा आणि त्यातले काय आवडले ते नेमके सांगा. ‘छान’ एवढाच शब्द फार अपुरा पडतो. साध्या रूपाविषयी एखाद्या निवांत सकाळी बोला, जेव्हा त्या केस कसेबसे बांधून आपल्यासमोर बसलेल्या असतील. आणि तेव्हा मेकअपचे नावही न काढता, समोर जे दिसते आहे तेवढ्याचेच कौतुक करा.