आजोबांची बाराबोर, अन् अजून दोन?

प्रश्न: भाऊ, आमचं वावर जंगलाला लागून हाये, तुरीत रानडुकरं घुसतात. आजोबांची डबल बॅरल बाराबोर (दोन नळ्यांची छर्‍याची बंदूक) घरात पडून आहे, आता टार्गेटवर नेमबाजी करायला पॉइंट टू टू (.22, बारीक गोळीची) रायफल अन् सोबत ठेवायला रिव्हॉल्वर घ्यायचं म्हणतो, प्रत्येकीचं काम वेगळं. जमेल का? (एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा)

उत्तर: कामं बरोबर वाटून दिली तुम्ही, पण गणित अडते. आधी एका माणसाला तीन हत्यारं चालायची, शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर दोनच, अन् वारशाची बंदूकही त्यातच मोजतात. ती तुमच्या लायसन्सवर चढली नसंल तर पहिले कलेक्टर ऑफिस गाठा, पेटीत फडक्यात गुंडाळून ठेवली तरी गुन्हाच आहे. सरकारमान्य रायफल क्लबचे मेंबर असाल तर टार्गेटच्या पॉइंट टू टू ला या मर्यादेतून सूट मिळते, ते विचारून घ्या. रायफल चांगली, धक्का जवळपास नाहीच, नेम बसतो, पण तिनं डुकरावर गोळी नको, जखमी डुक्कर सरळ अंगावर येते. अन् बाराबोर असली तरी नुसत्या लायसन्सवर डुक्कर मारता येत नाही, वनखात्याची परवानगी वेगळी लागते. रिव्हॉल्वरचं म्हणाल तर तुरीच्या वावरात त्याचं काय काम बाप्पा!