अंदाज चुकला म्हणजे शब्द मोडला का?

"मॅडम, मी दिलेली एकही तारीख पाळली जात नाही. मी या कामाच्या लायकीचाच नाही का?" आयटीतल्या प्रोजेक्ट मॅनेजरांकडून हा प्रश्न मी समुपदेशन करताना वारंवार ऐकते. हिंजवडीहून आलेल्या एका चाळिशीतल्या गृहस्थांनी तो विचारला, तेव्हा महिनाभर त्यांना धड झोप नव्हती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

बसल्या बसल्या त्यांनी मोबाइलवर एक्सेलचा तक्ता उघडून माझ्यापुढे धरला. रकानेच्या रकाने लाल. अंगठा सारखा एकाच ओळीवर फिरत होता. तीन दिवसांचं काम, अकरा दिवस लागलेले.

"या अकरा दिवसांत काय झालं?"

क्लायंटच्या जुन्या सिस्टिममध्ये काही नोंदी दिवस-महिना अशा निघाल्या, काही महिना-दिवस अशा. ०४/०५ म्हणजे ४ मे की ५ एप्रिल, हे मूळ कागदाशी ताडून बघावं लागलं.

"हे आधी कुणाला ठाऊक होतं?"

"कुणालाच नाही. कामाला हात घातल्यावरच कळलं. पण मी शब्द दिला होता ना!"

हा 'शब्द' कुठून आला? त्यांचे वडील सुतार. अमुक दिवशी दार म्हणजे त्या दिवशी दार, अशी ख्याती. मी विचारलं, "बाबांनी अशी दारं किती केली असतील?" "शेकड्यांनी." "आणि तुमच्याकडे एकदा केलेलं दार पुन्हा हवं असलं तर?" "कॉपी करायचं. मिनिटाचं काम." "म्हणजे तुमच्या टीमच्या वाट्याला दर वेळी पहिलंच दार येतं."

ते बराच वेळ गप्प बसले.

सॉफ्टवेअर-तज्ज्ञ बॅरी बोहम यांनी १९८१ सालीच मांडलं होतं की, सॉफ्टवेअरच्या कामाचा अगदी सुरुवातीचा अंदाज चौपटीनेही चुकू शकतो. हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं. शेवटच्या महिन्यात चार नवी माणसं घेऊनही काम आणखी लांबलं, याचाही दोष ते स्वतःकडेच घेत होते. जुन्यांचा वेळ नव्यांना समजावण्यात गेला होता. आयबीएममध्ये ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये नेमकं हेच लिहून ठेवलंय. याच दगडाला आधी कुणी ठेचाळलंय हे कळलं की अपराधीपणा सैल होतो, असा माझा अनुभव आहे.

मग आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. दर सोमवारी टीमला विचारायचं, "आपल्याला अजून काय माहीत नाही?" आणि त्यातलं सगळ्यात अंधारातलं काम आधी हातात घ्यायचं. दुसरं, एक तारीख सांगायची नाही. दोन सांगायच्या, आणि दर पंधरा दिवसांनी चालतं काम दाखवून त्या जवळ आणायच्या.

तिसऱ्या भेटीत ते म्हणाले, "मीटिंगमध्ये 'ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा मध्य' असं सांगितलं. तळहात घामाने ओले झाले होते. समोरून एवढंच विचारलं, 'इतकं अंतर कशामुळे?' आणि मॅडम, या वेळी माझ्याकडे उत्तर होतं."

पहाटे तीनला अजूनही कधी कधी जाग येते त्यांना. पण लॅपटॉप उघडत नाहीत.