1850 ते 1900 च्या ऑस्ट्रेलियन वर्तमानपत्रांत घोडागाडीच्या जाहिरातीशेजारीच रामबाण गोळ्यांच्या जाहिराती दिसतात. त्यांवर कितपत विश्वास ठेवावा?

घोडागाडीच्या जाहिरातीवर बराच, गोळ्यांच्या जाहिरातीवर जवळजवळ नाही. मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी मेलबर्नच्या 'आर्गस' या वर्तमानपत्राचे जुने अंक ट्रोव्हवर (ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ऑनलाइन संग्रहात) चाळताय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. या दोन जाहिराती एकाच पानावर असल्या तरी त्या वाचायची रीत वेगळी आहे.

गाडी सकाळी सहाला सुटेल असं छापलं आणि सुटली नाही, तर सव्वासहाला हॉटेलच्या दारात दहा माणसं बोंब मारणार. म्हणजे ती जाहिरात रोजच्या रोज तपासली जायची. गोळीने यकृत सुधारलं की नाही, हे कोण तपासणार?

आधी गाडीचं घेऊ. कॉब अँड कंपनी ही तिथली सगळ्यात नावाजलेली घोडागाडी कंपनी. तिची पहिली गाडी 30 जानेवारी 1854 ला मेलबर्नहून फॉरेस्ट क्रीक आणि बेंडिगोच्या सोन्याच्या खाणींकडे निघाली. कॉलिन्स स्ट्रीटवरच्या क्रायटेरियन हॉटेलपासून, रविवार सोडून रोज. जाहिरातीत 'टेलिग्राफ लाईन' असे शब्द दिसतील. इथे बरेच जण फसतात. तारायंत्राशी त्याचा संबंध नाही. इंग्लंडमध्ये जलद गाड्यांना 'टेलिग्राफ' म्हणायची रीत आधीपासूनच होती, आपल्याकडे एसटीला 'जलद' लिहितात तसं. 'रॉयल मेल' मात्र शब्दशः घ्या: त्या गाडीकडे सरकारी टपालाचा ठेका आहे. ठेक्याची गाडी उतारू कमी असले तरी सुटते, म्हणून तिच्या वेळा जास्त भरवशाच्या.

मेलबर्न ते बेंडिगो सुमारे 150 किलोमीटर. घोडे साधारण 16 ते 25 किलोमीटरला बदलत. 16 चा टप्पा धरला तर नऊ-दहा टप्पे होतात, आणि गाडीला चार घोडे म्हटले तरी एका बाजूच्या एका फेरीसाठी 36 ते 40 घोडे वाटेत तयार ठेवावे लागतात. शिवाय प्रत्येक ठाण्यावर मोतद्दार, चारा, ओट, पाणी. भाडं चढं का दिसतं, याचं उत्तर या हिशेबात आहे. चालकाच्या पगारापेक्षा चाऱ्याचा भाव या धंद्यात महत्त्वाचा. दुष्काळ पडला की भाडं वाढायचं किंवा फेऱ्या कमी व्हायच्या.

गाडीचं चित्र नीट पाहा. बऱ्याचदा ते छापखान्यातला तयार लाकडी ठसा असतं, प्रत्यक्ष गाडीचं चित्र नव्हे. प्रत्यक्षात कंपनीने अमेरिकेतल्या काँकर्ड पद्धतीच्या गाड्या आणल्या होत्या. इंग्लिश गाडीखाली पोलादी कमानपाटे असत. ते खडबडीत वाटेवर तुटत आणि रानात नवीन पाटा घडवून देणारा लोहार मिळायचा नाही. काँकर्ड गाडीचा सांगाडा जाड चामड्याच्या थराथरांच्या पट्ट्यांवर टांगलेला असायचा. खड्ड्यात चाक गेलं की गाडी आपटण्याऐवजी पुढेमागे झुलायची, आणि पट्टा तुटला तरी वाटेत सांधता यायचा. तोटा एकच: होडीत बसल्यासारखं पोटात ढवळायचं. जाहिरातीत हे अर्थातच कुणी लिहीत नाही.

वेळ सुटण्याची छापतात ती खरी माना. पोहोचण्याची वेळ कोरड्या रस्त्याची समजा. चांगल्या वाटेवर तासाला 10 ते 13 किलोमीटर. पावसाळी चिखलात याच्या निम्म्यानेसुद्धा नाही. नदीला पूर आला तर गाडी अलीकडेच थांबायची. सामानाची मर्यादाही तपासा, ती पौंडांत असते. 14 पौंड म्हणजे साडेसहा किलोसुद्धा नाही; खाणीवर निघालेल्या माणसाची वळकटी, तवा, कुदळ त्यात कशी बसणार? त्यामुळे बरेचजण चालत जात आणि सामान बैलगाडीने पाठवत.

रेल्वे आली की जाहिरात कशी बदलते, हे पाहणं मला सगळ्यात रंजक वाटतं. 1862 मध्ये बेंडिगोपर्यंत रेल्वे पोहोचली. त्यानंतर घोडागाड्या रेल्वेशी स्पर्धा करत बसल्या नाहीत. जिथे रूळ संपतात तिथून पुढच्या गावांकडे वळल्या. जाहिरातीत सुटण्याचं ठिकाण मेलबर्नचं हॉटेल न राहता शेवटचं स्टेशन होतं, आणि वेळ 'आगगाडी आल्यावर' अशी. दर दोन-तीन वर्षांचे अंक घेऊन फक्त हे ठिकाण नकाशावर मांडलंत, तर रूळ कसे पुढे सरकत गेले ते मुलीला आपोआप दिसेल. प्रकल्पासाठी हा उत्तम मुद्दा आहे.

नावाबद्दल एक सावधगिरी. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, फ्रीमन कॉब, 1856 मध्येच ऑस्ट्रेलिया सोडून गेला. नाव मात्र चालत राहिलं: 1861 मध्ये जेम्स रदरफर्ड आणि भागीदारांनी धंदा घेतला, 1862 मध्ये मुख्य ठाणं न्यू साउथ वेल्समधल्या बॅथर्स्टला नेलं, आणि न्यूझीलंडमध्येही त्याच नावाने वेगळा धंदा उभा राहिला. म्हणून 1880 ची 'कॉब' जाहिरात दिसली तर ती कॉबसाहेबांची नव्हे. या नावाची ऑस्ट्रेलियातली शेवटची घोडागाडी क्वीन्सलंडमध्ये युलेबा ते सुरत या मार्गावर ऑगस्ट 1924 मध्ये धावली. (हो, तिकडेही सुरत आहे.)

आता गोळ्या. किंमतीपासून सुरुवात करा (12 पेन्सचा शिलिंग, 20 शिलिंगांचा पौंड). 1 शिलिंग 1½ पेनी, 2 शिलिंग 9 पेन्स, 4 शिलिंग 6 पेन्स, 11 शिलिंग, 22, 33 असे विचित्र आकडे दिसतील. हा ब्रिटनमधला औषधांवरचा स्टँप कर आहे: 1 शिलिंगपर्यंतच्या मालावर दीड पेनी, अडीच शिलिंगपर्यंत 3 पेन्स, 4 शिलिंगपर्यंत 6 पेन्स, 10 पर्यंत 1 शिलिंग, आणि पुढे तसंच. म्हणजे हे आकडे वसाहतीतल्या पानावर दिसले की समजायचं, मजकूर लंडनहून आला तसाच लावलाय. गंमत म्हणजे हा कर भरल्याची सरकारी चिठ्ठीच उत्पादक प्रमाणपत्रासारखी मिरवत. कॉलिस ब्राऊनच्या क्लोरोडाइन या अफूच्या औषधाच्या जाहिरातीत 'सरकारी स्टँपवर आमचं नाव पाहूनच घ्या' असा इशारा असे. सरकारने औषध तपासलेलं नव्हतं, फक्त कर घेतला होता.

थॉमस हॉलोवे हा या खेळातला सगळ्यात मोठा गडी. 1837 मध्ये त्याने मलम विकायला सुरुवात केली. 1842 मध्ये जाहिरातींवर वर्षाला 5,000 पौंड, 1851 मध्ये 20,000, आणि शेवटी शेवटी 50,000 पर्यंत खर्च. नावापुढे 'प्रोफेसर' लावायचा, कुठल्या विद्यापीठाचा हे कुणी विचारलं नाही. (पुढे त्याच पैशातून लंडनजवळ स्त्रियांसाठी कॉलेज उभं राहिलं, हेही खरं.) त्याच जातीच्या बीचमच्या गोळ्यांचं पृथक्करण ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने 1909 मध्ये छापलं: काळाबोळ, सुंठ आणि साबण. 'डबी एका गिनीच्या (21 शिलिंगांच्या) मोलाची' अशी जाहिरात. विक्री 1 शिलिंग 1½ पेनीला. आतल्या मालाची किंमत अर्धी फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा. विक्रीची किंमत मालाच्या 108 पट झाली.

मग लोकांना गुण का यायचा? काळाबोळ म्हणजे कोरफडीचा वाळवलेला रस, कडक रेचक. गोळी घेतल्यावर काहीतरी ठळकपणे घडतं, आणि बद्धकोष्ठाचा माणूस खरंच हलका होतो. बाकी सर्दी, ताप, अंगदुखी आठवड्यात तशीही जाते. श्रेय गोळीला मिळतं. क्लोरोडाइनची गोष्ट वेगळी. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सैन्यात डॉक्टर असताना कॉलिस ब्राऊनने 1848 च्या सुमारास ते तयार केलं. त्यात अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि गांजाचा अर्क होता. खाणीवरच्या घाणेरड्या पाण्याने जुलाब लागले तर अफूने ते थांबत, खोकला आणि कळाही थांबत. म्हणजे ही जाहिरात पूर्ण खोटी नव्हती. घातक होतं ते न सांगितलेलं: सवय लागते, लहान मुलाला थोडं जास्त झालं तर श्वास मंदावतो, आणि कॉलऱ्यात जुलाब दाबल्याने माणूस वाचत नाही, कारण शरीरातलं गेलेलं पाणी आणि क्षार भरून निघत नाहीत.

औषधाची जाहिरात रोगाचा पुरावा म्हणून वापरू नका. 'या वर्षी यकृताच्या गोळ्यांच्या इतक्या जाहिराती, म्हणजे साथ असणार' हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. वर्षभराचे पैसे भरून तोच जुळवलेला मजकूर महिनोन्महिने लावला जाई. जाहिरात सांगते ती लोकांची भीती: अशक्तपणा, पित्त, डॉक्टर चाळीस मैलांवर असणं.

ट्रोव्हवर शोधताना 'ॲडव्हर्टायझिंग' हा वर्ग निवडा, पण तेवढ्यावर थांबू नका. गोळ्यांचा मजकूर कधी बातमीच्या वेषात येतो: सुरुवात हवामानाने, शेवट मलमाने. तो 'आर्टिकल' वर्गात सापडतो. यंत्राने वाचलेला मजकूर बारीक टायपात फार चुकतो. 'हॉलोवे' दोन तुकड्यांत तुटलेला मिळेल, तेव्हा 'पिल्स अँड ऑइंटमेंट' असंही शोधा. बेंडिगोचं अधिकृत नाव 1891 पर्यंत सँडहर्स्ट होतं आणि फॉरेस्ट क्रीकच्या खाणींजवळच कासलमेन उभं राहिलं. दोन्ही नावं टाकून पाहिल्याशिवाय 'जाहिरात नाही' म्हणू नका. तारखेत 'इन्स्टंट' म्हणजे चालू महिना, 'अल्टिमो' म्हणजे गेला, 'प्रॉक्सिमो' म्हणजे पुढचा.

ऑस्ट्रेलियात या औषधांची सरकारी झडती 1907 मध्ये झाली. 'गुप्त' औषधांवरच्या रॉयल कमिशनचा (सरकारी चौकशी आयोगाचा) अहवाल लिहिणारा ऑक्टेव्हियस बील डॉक्टर नव्हता. तो सिडनीचा पियानो बनवणारा कारखानदार होता.