मासा परत सोडायचा असेल तर खाडीत गरवताना कोणती गरी वापरावी?

तुम्ही लिहिलंय की सुट्टीत रत्नागिरीला येताय, जेटीवरून जिताडा-तांबोशीसाठी गरवायचंय आणि लहान मासा लागला तर जिवंत सोडायचाय. मग सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेली गोलसर गरी घ्या. साध्या पोलादाची, स्टेनलेस नको. आणि टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. दाबल्यावर गरी फडक्यात खुपसून बघा, न अडकता सुटली की झालं.

मी लहानपणापासून साध्या गरीनेच गरवत आलो. ओढ लागली की हिसका द्यायचा, एवढंच ठाऊक. एकदा वीतभर तांबोशीने गरी पार घशात नेली. ती उपसताना इतकं रक्त आलं की सोडली तरी पोट वर करून तरंगत गेली. दुसऱ्या दिवशी मी गऱ्यांचा डबाच बदलला.

सर्कल हुकचं टोक आत, दांड्याकडे वळलेलं असतं. मासा आमिष घेऊन फिरला आणि तंगूस (गरीची नायलॉन दोरी) ताणला की गरी घशातून घसरत येऊन बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात बसते. पण हिसका दिलात तर सगळं फुकट! रीळ नुसतं सावकाश फिरवत राहायचं. सुरुवातीला हात शिवशिवतो, दोन-चार मासे सुटतातही. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बास या माशाला नैसर्गिक आमिष लावून गरवायचं तर 2021पासून हीच गरी सक्तीची आहे.

कोळंबी लावाल तर 2/0 ते 4/0 मापाची गरी पुरे. टोक कोळंबीत बुडवू नका, उघडं राहू द्या. जिवंत कोळंबी असेल तर डोक्यातला काळा ठिपका चुकवून शिंगाखालून ओवा. तंगूस फार बारीक नको, नाहीतर मासा झुंजून झुंजून आधीच दमतो.

सोडताना हात ओले करा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. जिताड्याला जबड्याला धरून लोंबकळत ठेवू नका, पोटाखाली हात द्या. कल्ल्यांत बोटं घालाल तर बोटंच कापतील. गरी घशात दिसली तर उपसायची नाही, तोंडाजवळ तंगूस कापायचा. आत राहिलेली गरी साध्या पोलादाची असेल तर खाऱ्या पाण्यात गंजत जाते, म्हणूनच स्टेनलेस नको म्हटलं.

फक्त लहानच सोडायचे, हे मात्र मला पटत नाही. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे ज्याच्यासोबत फोटो काढावासा वाटतो तो थोराड जिताडा बहुधा अंडी घालणारी मादी असते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या समुद्रात नि खाड्यांत 58 सेंमीपेक्षा लहान आणि 120 सेंमीपेक्षा मोठा, दोन्ही ठेवता येत नाहीत.

आणि शिंगाळा मासा लागेलच. पाठीवर एक नि दोन्ही बाजूंना एकेक काटा, तिन्ही विषारी. त्याला हात लावू नका, पकडीने गरी फिरवून तिथल्या तिथे पाण्यात पाडा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, ठणका उतरतो, आणि मग डॉक्टरकडे जा.