पेरिटोनियम आधी बोटाने शिक

अगं, इंदूरला एमजीएम मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाला आलीस ना, मग पेरिटोनियम, म्हणजे पोटाच्या आतलं पातळ अस्तर, नुसतं पुस्तकातून घोकत बसू नकोस, डोकं भणभणेल. सकाळी पोहे खाऊनच डिसेक्शन हॉलमध्ये (मृतदेह उघडून शिकतात तिथे) जा, उपाशीपोटी फॉर्मॅलिन फार झोंबतं.

पोट उघडलं की देहाच्या उजवीकडे उभी राहा आणि डावी तर्जनी लेसर ओमेंटमच्या (यकृत आणि जठर जोडणाऱ्या पेरिटोनियमच्या घडीच्या) मोकळ्या कडेमागून आत सरकव. तेच एपिप्लोइक फोरामेन, जठरामागच्या पोकळीचं दार. बोटापुढे उजवीकडे पित्तनलिका, डावीकडे हिपॅटिक आर्टरी (यकृताची धमनी), दोघींच्या मागे आतड्यांतलं रक्त यकृतात नेणारी पोर्टल व्हेन. बोटामागे आयव्हीसी, म्हणजे हृदयाकडे जाणारी खालची मोठी शीर, वर यकृताचा कॉडेट लोब हा छोटा भाग, खाली ड्युओडेनमचा, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीचा, पहिला भाग. आता अंगठा पुढून लावून ती कडा चिमटीत धर. यकृत फाटून रक्त वाहू लागलं की सर्जन हीच जागा दाबतात, प्रिंगल मॅन्युव्हर. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) हा प्रश्न ठरलेलाच.

रेट्रोपेरिटोनियल, म्हणजे पेरिटोनियमच्या मागे असलेल्या, अवयवांची यादी मात्र पाठच करावी लागते, इलाज नाही. गुण कापले जातात ते अपवादांवर: स्वादुपिंड मागे, पण शेपूट प्लीहेकडे जाणाऱ्या घडीत, ड्युओडेनमही मागे, पहिले अडीच सेंटिमीटर सोडून.

मॉरिसन पाऊचही हाताने चाचपून बघ, यकृत आणि उजव्या किडनीच्या मधे. उताण्या पेशंटच्या पोटातलं रक्त तिथे साठतं, म्हणून अपघाताच्या केसमध्ये सोनोग्राफीचा प्रोब सहसा तिथेच पहिल्यांदा टेकवतात.