पीएम किसानचा हप्ता नेमका कुठे अडतो?

प्रश्न : ई-केवायसी केली, बँकेत आधारही लिंक आहे. तरी पासबुकात २,००० रुपये आले नाहीत. काय करावे?

उत्तर : सगळा घोळ ‘आधार लिंक’ या शब्दात आहे. बँकेने तुमचा आधार क्रमांक खात्याला जोडला, तेवढ्याने सरकारी पैसे त्या खात्यात येत नाहीत. त्यासाठी बँकेकडून एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार चालवणारी राष्ट्रीय संस्था) यादीत नोंद व्हावी लागते. तिलाच आधार सीडिंग म्हणतात. या यादीत एका आधारला एका वेळी एकच बँक असते, आणि नंतर झालेली नोंद आधीची पुसते. मोबाइलच्या दुकानात अंगठा देऊन पेमेंट बँकेचे खाते उघडले असेल, तर हप्ता गुपचूप तिकडेही जमा होत असतो आणि आपण सोसायटीशेजारच्या बँकेत पासबुक भरत बसतो.

म्हणून आधी माय-आधार संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. मोबाइलवर ओटीपी येतो आणि बँकेचे नाव दिसते. भलतीच बँक दिसली तर आधी त्या खात्यातली शिल्लक तपासा, मग हव्या त्या शाखेत आधार सीडिंगचा संमती अर्ज द्या. ‘लिंक करा’ असे मोघम सांगू नका, ‘डीबीटीसाठी (म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीडिंग’ म्हणा. काही दिवसांनी तेच पान पुन्हा उघडून बँकेचे नाव बदलले का, याची खात्री करा.

बँक बरोबर असेल तर पीएम किसान पोर्टलवर ‘नो युवर स्टेटस’मध्ये नोंदणी क्रमांक टाका. ई-केवायसी, लँड सीडिंग (जमिनीची नोंद योजनेशी जोडणे) आणि आधार-बँक सीडिंग या तिन्हींपुढे ‘येस’ हवे. लँड सीडिंगपुढे ‘नो’ असेल तर बँकेत खेटे घालून उपयोग नाही. ताजा सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात या.

प्रश्न : नमो शेतकरी योजनेचा अर्ज वेगळा भरायचा का?

उत्तर : नाही. राज्याचे वर्षाला ६,००० रुपये पीएम किसानच्या लाभार्थ्यांनाच मिळतात. तिकडची अडचण सुटली की इकडची वाट मोकळी होते.

प्रश्न : वडील वारले. त्यांचा हप्ता आता माझ्या नावावर होईल का?

उत्तर : आपोआप होत नाही. मृत्यू दाखला देऊन त्यांची नोंद बंद करून घ्या. मृत्यूनंतरचे हप्ते खात्यात आले असतील तर वापरू नका, ते परत मागितले जातात. मग वारस नोंदीचा फेरफार मंजूर करून घ्या आणि स्वतःची नवी नोंदणी करा. १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेल्या जमिनीला लाभ नाही, पण वारसाहक्काने आलेली जमीन याला अपवाद आहे. मात्र त्या तारखेनंतर खरेदीखताने घेतली असेल तर अर्ज नामंजूर होतो. नवरा, बायको आणि अज्ञान (अल्पवयीन) मुले मिळून एक कुटुंब धरतात, त्यामुळे दोघांच्या नावे वेगळे सातबारे असले तरी लाभ एकालाच. घरात कुणी प्राप्तिकर भरत असेल तर तोही नाही.

व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल) आली तर उघडू नका, ती खाते रिकामे करते. ओटीपी चालत नसेल तर सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) केंद्रात बोटांचे ठसे देऊन ई-केवायसी होते. ठसे झिजले असतील तर योजनेच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून करा. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या. तक्रारीसाठी १५५२६१ वर फोन करताना नोंदणी क्रमांक हाताशी ठेवा.