सहा तास मागे असलेलं घर

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. दुसऱ्या देशातलं घर तू इथे बसून पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने देणार आहेस म्हणे. कुलूप कुठलं घ्यावं, दर आपोआप बदलणारं सॉफ्टवेअर लावावं का, कॅमेरा कुठे बसवावा, असे अकरा प्रश्न आहेत त्यात. मोजले मी. पण तू तिकडे नसताना त्या घरात पाऊल कोण टाकणार, याबद्दल एक अक्षर नाही. म्हणून तुझे प्रश्न जरा बाजूला ठेवते आणि तू न विचारलेल्यापासून सुरुवात करते.

नऊ वर्षं झाली, मीही तेच करते: राहते एका देशात आणि भाड्याने दिलेलं घर आहे दुसऱ्या देशात. तिथलं घड्याळ माझ्या सहा तास मागे. तिथे रात्रीचे नऊ वाजतात, पाहुणे बॅगा टाकून गरम पाण्याचा नळ सोडतात, तेव्हा माझ्याकडे पहाटेचे तीन असतात. पहिल्या वर्षी फोन उशाशी घेऊन झोपायचे आणि त्यालाच घर सांभाळणं समजायचे. सफाई बघणाऱ्या ताईंना सांगून ठेवलं होतं, 'मला विचारल्याशिवाय कुणाला बोलवायचं नाही.' मोठी शहाणी मी!

दुसऱ्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ताई धुतलेल्या चादरी ठेवायला गेल्या आणि त्यांनी एक फोटो पाठवला. गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटाखाली, फरशीलगतच्या लाकडी पट्टीवर तळहाताएवढा काळपट डाग. खाली दोन शब्द: 'काय करू?' तिथे सात वाजले होते, माझ्याकडे रात्रीचा एक. मी उठले सहाला, म्हणजे त्यांच्या मध्यरात्री. प्लंबर आला दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर झोपायच्या खोलीतल्या लाकडी फळ्या फुगून वर आल्या होत्या आणि पुढची तीन बुकिंगं रद्द करावी लागली. नंतर कळलं, प्लंबर त्यांच्या शेजारीच राहतो. एका हाकेवर तासाभरात आला असता. त्यांनी मला विचारलं, कारण विचारायचा नियम मीच घातला होता.

तेव्हापासून नियम उलटा आहे. एका रात्रीच्या भाड्याइतक्या रकमेपर्यंत मला विचारायचं नाही, करून मोकळं व्हायचं आणि मग कळवायचं. त्यापुढे फोन करायचा. पण पाणी, वीज, गॅस किंवा कुलूप यांतलं काही असेल आणि मी अर्ध्या तासात उचलला नाही, तर रक्कम कितीही होवो, त्यांना योग्य वाटेल ते करायचं. त्यासाठी पैसे आधीच त्यांच्याकडे ठेवलेले असतात, नाहीतर अधिकार नुसता तोंडी राहतो. इतक्या वर्षांत दोनदा त्यांनी केलेला खर्च मला पटला नाही. दोन्ही वेळा गप्प बसले. तिसऱ्यांदाही बसेन. एकदा जरी 'हे कशाला केलंत?' म्हटलं, तर पुढचा फोटो पुन्हा 'काय करू?' असाच येणार.

त्यांचे पैसे ज्या दिवशीचं काम त्याच दिवशी पाठवायचे. पाहुण्याने आयत्या वेळी बुकिंग रद्द केलं तरी ठरलेल्या सफाईचे द्यायचे, कारण त्यांनी तो दिवस तुझ्यासाठी राखलेला असतो. आणि त्या आजारी पडल्या तर कोण, हे त्यांनाच ठरवू दे. ती दुसरी व्यक्ती महिन्यातून एकदा तरी घरात येऊन गेलेली हवी. चादरी प्रत्येक पलंगाला तीन जोड घे: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. सकाळी अकराला एक पाहुणा निघतो आणि चारला दुसरा येतो, त्या पाच तासांत धुऊन-वाळवून पुन्हा त्याच चादरी घालायचं गणित कागदावर बसतं, घरात बसत नाही.

सफाई झाली की मी सात फोटो मागते, नेहमी त्याच क्रमाने. सजवलेल्या पलंगाचा फोटो मला नको. मला हवी गादीची कोपऱ्यातली शिवण जवळून, कारण ढेकूण झाले तर काळे ठिपके आधी तिथे दिसतात. मग न्हाणीघरातली जाळी उचलून. फ्रीजचं दार उघडून. सिंकखालचं कपाट उघडून; तिथे आम्ही कोरा कागद अंथरून ठेवतो, पाइपातून थेंब गळला तर कागद सुरकुततो आणि फोटोत कळतं. गरम पाण्याच्या टाकीचा तळ, हे सांगायला नकोच. खुंटीवरच्या चाव्या. शेवटी विजेचा मीटर, आकडे वाचता येतील असा. या आकड्यांवरून मला जेवढं कळतं तेवढं पाहुण्यांच्या अभिप्रायांवरून कळत नाही. रिकाम्या घरात हीटर चालू राहिला, चौघांच्या बुकिंगवर चौदा जण राहून गेले, सगळं तिथे उमटतं. फोटो तारखेसकट जपून ठेव. मोडतोडीची भरपाई एअरबीएनबीवर, म्हणजे घरं थोड्या दिवसांसाठी भाड्याने देण्याच्या साइटवर, मागायची तर पाहुणा गेल्यापासून १४ दिवसांत मागावी लागते, आणि तेव्हा 'आधी कसं होतं' हे दाखवायला हेच फोटो लागतात.

आता तुझं कुलूप. आकड्यांचं घे, प्रत्येक पाहुण्याला वेगळा कोड दे, तो निघाला की कोड बंद. पण 'बॅटरी संपत आली' असा इशारा बहुतेक वेळा घरातल्या वायफायवरून तुझ्यापर्यंत येतो. वायफाय बंद पडलं की इशाराही बंद. म्हणून इशाऱ्याची वाट न बघता ठरलेल्या तारखांना बॅटऱ्या बदलायच्या, आणि साधी किल्ली जवळच्या एखाद्या माणसाकडे असू द्यायची. किल्लीसाठी भिंतीवर बटणांची पेटी लावणार असशील तर कोड वरचेवर बदल. माझ्या पेटीची चार बटणं वापरून वापरून चकचकीत झाली होती, बाकीची धुळकट. चार आकडे माहीत झाले की त्यांचे क्रम होतात फक्त २४, आणि अशा बऱ्याच पेट्यांना क्रमाशी देणंघेणंच नसतं. मी हे दोन वर्षं लक्षातच घेतलं नव्हतं.

कॅमेरा घरात नको. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कॅमेरा ठेवायलाच बंदी केली आहे, बंद करून ठेवलेलाही चालत नाही. बाहेर दारावर लावलास तर जाहिरातीत तसं स्पष्ट लिही. आवाज रेकॉर्ड न करता फक्त त्याची पातळी मोजणारं यंत्र मिळतं, तेही सांगून लावता येतं. गोंगाटाची भीती असेल तर ते पुरे. पण खरं सांगू? शेजाऱ्यांना तुझा नंबर दे आणि पहिल्या तक्रारीला नीट उत्तर दे. मग कान तेच देतात.

दोन ठिकाणी जाहिरात टाकलीस तर तारखांचा घोळ होईल. एका साइटचं कॅलेंडर दुसरीला नुसतं जोडलं तर तारखा लगेच जुळत नाहीत, मध्ये काही तास जाऊ शकतात. तेवढ्यात दोन कुटुंबं एकाच रात्री दारात उभी. आजचं बुकिंग आज घेऊच नकोस, निदान सुरुवातीला. आणि घड्याळं बदलतात तेव्हा जपून राहा. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. शरदातही मागे करायच्या तारखा वेगळ्या. त्या मधल्या आठवड्यांत माझे सहा तास पाच होतात. एकदा मी दाराच्या कोडचा मेसेज माझ्या वेळेने लावून ठेवला होता. तो तासभर उशिरा गेला आणि पाहुणे पावसात लहान मूल घेऊन उभे होते. आता सगळे मेसेज घराच्या वेळेने लावते.

रिकाम्या घराचं पाणी हाही विषय आहे, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या साचलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून फुफ्फुसात जातात. टाकीतलं पाणी ६० अंशांवर ठेवायचं, आणि आठवडाभर कुणी नसेल तर ताईंनी सगळे नळ काही मिनिटं सोडायचे, शॉवर सोडताना तुषार तोंडावर न घेता. गॅसवर चालणारं काहीही असेल तर कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म लाव. यावर मी वाद घालणार नाही.

आणि हे सगळं करण्याआधी, सामान घेण्याच्याही आधी, त्या गावात हे चालतं का ते बघ. न्यूयॉर्क शहरात सप्टेंबर २०२३ पासून नियम कडक अमलात आले: ३० दिवसांहून कमी मुक्कामाला पाहुणा ठेवायचा तर मालक स्वतः त्या घरात राहत असला पाहिजे. म्हणजे परदेशात बसून तिथे हा धंदा करताच येत नाही. पॅरिसने २०२५ पासून स्वतःचं राहतं घर पर्यटकांना देण्याची मर्यादा वर्षाला १२० रात्रींवरून ९० वर आणली. बार्सिलोनाने २०२८ च्या अखेरीस पर्यटक फ्लॅटचे परवाने नूतनीकरण न करता संपू देण्याचं जाहीर केलं आहे. घर ज्या देशात, तिथल्या भाड्यावर कर घ्यायचा पहिला हक्क बहुतेक करारांत त्याच देशाचा असतो. तू राहतोस तिथेही ते उत्पन्न दाखवावं लागू शकतं, तेव्हा दोन्हीकडचं जाणणाऱ्या कर सल्लागाराकडे एकदा बस. विम्याचंही तेच. साध्या घरविम्यात पैसे देऊन राहणारे पाहुणे धरलेले नसतात, हे लोकांना बहुधा पाणी शिरल्यावर कळतं. विमा कंपनीकडून 'चालेल' हे लेखी घे, फोनवर नको.

दर बदलणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल मला काही म्हणायचं नाही. वर्षभरानंतर बघू.

रविवारी फोन कर, तुझ्या दुपारी. त्याआधी एक काम कर: त्या घराच्या चाव्या एकूण किती आहेत आणि कुणाकुणाकडे आहेत, हे कागदावर लिहून काढ. रंगकाम केलेल्यापासून जुन्या भाडेकरूपर्यंत सगळ्यांना विचार. मी मोजल्या तेव्हा मला वाटत होतं तीन आहेत. पाच निघाल्या.

तुझी,
काकू